नोंदी आपल्या, चावी कुणाकडे?

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर आणायच्या असल्या, तर डेटाबेस विकत घ्यायचा की मुक्त स्रोताचा वापरायचा, हे आधी ठरवावे लागते. ओरॅकल या विकतच्या डेटाबेसच्या एंटरप्राइझ आवृत्तीची छापील किंमत वर्षानुवर्षे एका प्रोसेसरच्या परवान्यामागे ४७,५०० डॉलर राहिली आहे. वर देखभालीसाठी दरवर्षी त्याचे २२ टक्के. स्वस्त आवृत्त्याही मिळतात, पण त्यांना मर्यादा असतात. आर्वी-हिंगणघाटच्या संस्थांनी या वाटेला जाऊ नये.

सरकारनेही वाट बदलली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणाली आधी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालत असे. चौथी आवृत्ती पोस्टग्रेस या मुक्त स्रोताच्या डेटाबेसवर आली. केंद्र सरकारच्या २०१५च्या धोरणानेही सरकारी कार्यालयांत मुक्त स्रोताला प्राधान्य दिले.

मात्र परवाना फुकट म्हणजे काम फुकट नव्हे. बॅकअप घेणारा, सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवणारा जाणकार माणूस लागतोच आणि त्याला पगार द्यावाच लागतो. रात्री सर्व्हर बंद पडला तर फोन कुणाला करायचा, ही रुग्णालयांची आणि पतसंस्थांची काळजी खरी आहे. पण पोस्टग्रेससाठीही पैसे देऊन सेवा मिळते. त्यातल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे मोठे केंद्र पुण्यातच आहे.

परवान्याचे वाचलेले पैसे वर्ध्यातल्याच अभियांत्रिकी पदवीधरांना शिकवण्यात घालावेत. आणि निविदा कोणत्याही डेटाबेसची असो, करार संपताना सगळ्या नोंदी खुल्या स्वरूपात परत मिळतील, ही अट त्यात लेखी हवी.