उकळूनही न जाणारे विष

भोर-वेल्ह्यात रस्त्याकडेला पेटलेला कचरा आपण नेहमी पाहतो. धूर विरला की संपले, असे वाटते. पण पीव्हीसीच्या वायरी, पाइप जळताना डायॉक्सिन हे विष तयार होते. ते गवतावर बसते, गाईच्या पोटात जाते आणि दुधातल्या चरबीत उतरते. दूध कितीही उकळले तरी ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या शरीरात ते निम्मे व्हायलाच ७ ते ११ वर्षे लागतात.

म्हणून लेकरांचे दूध तोडू नका; आईचे तर मुळीच नाही. थांबवायचे आहे ते जाळणे. तांब्यासाठी वायर जाळू नका, सोलून विका. गुरे कचऱ्यावर सोडू नका.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड ठरवला. पण आम्ही म्हणतो, कचरागाडी वस्तीत येत नाही, तेव्हाच माणूस काडी ओढतो. आधी गाडी पाठवा, मग दंड मागा.

वरंध घाट उतरला की महाड. १९२७ साली बाबासाहेबांनी तिथे पाण्याचा हक्क बजावला. निर्विष दूध हाही तसाच हक्क आहे. येत्या ग्रामसभेत आपल्या भगिनींनीच तो मागावा.

जय भीम!