ठिगळाची नक्षी



मागच्या महिन्यात वर्गातली एक मुलगी ओढणीचं टोक सारखं मुठीत धरून बसलेली आम्हाला दिसली. फळ्याजवळ बोलावलं तरी मूठ सुटेना. टोकाला ठिगळ होतं. "त्यात काय लाजायचं?" असं म्हणून आम्ही मोकळे झालो. घरी आल्यावर वाटलं, आपण नुसतंच बोललो. तिला काही दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुबा लोकांच्या कापडाची चित्रं वर्गात नेली.

आफ्रिकेतल्या काँगो देशात, कसाई आणि सांकुरू नद्यांच्या परिसरात कुबांचं जुनं राज्य आहे. तिथे राफिया नावाच्या ताडाच्या पानांचे तंतू काढून कापड विणतात. विणकाम पुरुषांचं, कशिदा बायकांचा. धागा पानाच्या लांबीएवढाच, म्हणून एकेक तुकडाही लहानच. मागावरून उतरलेलं कापड राठ असतं. ते मऊ व्हावं म्हणून उखळात कुटतात.

कुटताना कापडाला कुठे कुठे भोकं पडतात. बायका त्यांवर छोटे तुकडे शिवतात. एकटं ठिगळ विजोड दिसतं, म्हणून न फाटलेल्या जागीही तसेच तुकडे लावतात. ठिगळाची नक्षी अशीच सुरू झाली, असं जाणकार सांगतात. समारंभात बायका कमरेभोवती गुंडाळतात ती कित्येक मीटर लांब वस्त्रं या नक्षीने भरलेली असतात.

त्यांचा मखमली कशिदाही तसाच नवलाचा. सुईने धागा विणीखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं आखूड कापायची. गाठ मारायची नाही. वीणच त्याला धरून ठेवते. कापडावर आधी रेघ आखत नाहीत, सगळे कोन आणि वेढे मनातून येतात. एका तुकड्याला महिनेही लागतात. फ्रेंच चित्रकार मातिस यांनी असे तुकडे जमवून आपल्या चित्रशाळेच्या भिंतीवर लावले होते.

यातलं उत्तम कापड मयताबरोबर मातीत जातं. ते अंगावर असेल तरच पूर्वज आपल्या माणसाला ओळखतील, अशी त्यांची समजूत. आपल्याकडचं साधं पांढरं कफन ठाऊक असलेल्या मुली चकित झाल्या. एकीने विचारलं, "मग सर, मागे काय उरतं?" आम्ही म्हणालो, "आईने लेकीला शिकवलेला टाका."

आठवड्याने ती मुलगी ओढणी मोकळी सोडून आली. ठिगळ होतंच, शेजारी त्याच रंगाची आणखी तीन होती. "अम्मीने शिकवलं," म्हणाली.

आपल्या घरात नानी, दादी, खाला यांच्यापैकी कुणाच्या हातात सुई आहे? तो हात चालतो आहे तोवर मुलींना, आणि मुलांनाही, त्यांच्याशेजारी बसवा.