आशाताईंनी हा प्रश्नही विचारावा

1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. तक्रार असो वा नसो, 650 स्त्रियांना तपासलं, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा एखादा तरी विकार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. बाई दवाखान्यात आली नाही म्हणजे तिला दुखणं नाही, हा समज त्या दिवशीच मोडीत निघायला हवा होता. पण खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटणं आणि अंग बाहेर येणं या दोन त्रासांबाबत आरोग्यव्यवस्था आजही बाई स्वतः येऊन सांगेल याची वाट पाहत बसते. ती सांगत नाही. घडी घालून कापड घेते, एसटीचा लांबचा प्रवास टाळते, लग्नकार्यात पाणी पीत नाही. म्हणून हा प्रश्न व्यवस्थेनेच विचारावा, असं माझं म्हणणं आहे.

“बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे व्हायचंच,” असं घरचे म्हणतात, आणि खेदाची बाब म्हणजे काही डॉक्टरही म्हणतात. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि पाळी गेल्यानंतरचे बदल त्यात भर घालतात, हे खरंच. पण कारण नैसर्गिक असलं म्हणून त्रास सोसलाच पाहिजे असं नाही. मोतीबिंदूही वयानेच होतो. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी या स्नायूंचा व्यायाम करणाऱ्या 56 टक्के जणींनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होतं. अर्थात व्यायाम नीट शिकवावा लागतो, कारण अनेकजणी स्नायू वर ओढून घेण्याऐवजी खाली जोर देतात. लागल्याबरोबर धावावं लागतं आणि वाटेतच सुटते, तो प्रकार वेगळा. त्यात आधी जंतुसंसर्ग आणि मधुमेह तपासायचा, मग लघवीच्या वेळा हळूहळू लांबवायच्या, गरज पडल्यास गोळ्या. अंग बाहेर येत असेल तर सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, आतून आधार देते. ती काढून, धुऊन पुन्हा बसवता येते.

खरा आक्षेप वेगळाच आहे. प्रश्न विचारत सुटलो तर बायका सरळ पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला लागतील. ही भीती खोटी नाही. बीडच्या ऊसतोड महिलांवरील अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पण ज्या बाईला व्यायाम आणि पेसरी हे उपाय कुणी सांगितलेच नाहीत, तिला ऑपरेशन विकणं अधिक सोपं. शिवाय नुसती पिशवी काढून तळ बळकट होत नाही, योनीचा वरचा भाग पुढे पुन्हा खाली उतरू शकतो. गर्भाशय राखून ते वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया तर डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी मुंबईतच विकसित केल्या.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हेही मान्य. पण दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 42 दिवसांत त्या सहा वेळा घरी जातातच, आणि तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करताना परिचारिका टेबलाशी असतेच. तिथे दोन प्रश्न वाढवायचे, त्याचा वेगळा मोबदला द्यायचा आणि आरोग्यकेंद्रात तीन-चार मापांच्या पेसऱ्या ठेवायच्या. रक्त जात असेल, जखम असेल किंवा लघवी अडकत असेल, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.