विहीर आधीच हवी

मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिल 2016 रोजी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. घागरींच्या रांगांची छायाचित्रे देशभर छापून आली, पण अग्निशमन दलाचा बंब कुणाच्या फारसा ध्यानात आला नाही. पाणी तर त्यालाही लागते. साडेचार हजार लिटरची टाकी, पंप पूर्ण जोराने चालवला तर, दोन-तीन मिनिटांत कोरडी होते. पुढचे पाणी कुठून भरायचे, हे वर्दी आल्यावर ठरवणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणेच.

पोलीस राज्य सरकारचे. अग्निशमन मात्र शहराच्या गळ्यात. 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ते पालिकांच्या कामांत मोडते. म्हणजे बंबाचे डिझेल, जवानांचा पगार आणि रिकाम्या जागांची भरती, सगळे पालिकेच्या तिजोरीवर. नांदेड-वाघाळा महापालिका 1997ची, लातूरची 2011ची. मुंबईसारख्या जुन्या, श्रीमंत महापालिकेचा आणि यांचा खिसा एक नाही. मालमत्ता कर थकला की त्याची झळ बंबालाही बसते.

कामही नावापुरते आगीचे राहिलेले नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, गोदावरी घाट ओलांडून वस्तीत शिरली, की नांदेडच्या जवानाला शिडी सोडून होडी हाती घ्यावी लागते.

लातूरचा घोर वेगळा आहे. 1917 साली वसवलेल्या गंजगोलाई बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. हातगाड्या आणि दुचाकी उभ्या राहिल्यावर त्यांतल्या किती रस्त्यांनी बंब आत जाईल? त्यात शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे. 24 मे 2019 रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलात वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत 22 जणांचा जीव गेला, बहुतेक विद्यार्थी. शिकवणीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने आलेली हजारो मुले अशाच इमारतींत दिवस काढतात.

कायदा नाही असे नाही. राज्याच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने आगीच्या यंत्रणेची जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे. यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. हा कागद फायलीत कशाला पुरायचा? वर्गाच्या दारावर लावावा. निकालाची टक्केवारी विचारणाऱ्या पालकांनी तोही मागावा.

लातूर महापालिकेने दोनच गोष्टी आधी कराव्यात. गोलाईजवळ बंबासाठी राखीव, उन्हाळ्यातही भरलेली टाकी ठेवावी. आणि दिवाळीआधी एका संध्याकाळी, ऐन गर्दीत, ताफ्यातला सर्वांत मोठा बंब त्या सोळा रस्त्यांवरून फिरवून पाहावा. जिथे अडेल तिथले अतिक्रमण दुसऱ्या दिवशी काढावे.