बियाण्याची पिशवी स्कॅन करा, पण पक्कं बिल सोडू नका

खरीप आला की बोगस बियाण्याची ओरड ठरलेलीच. त्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 'साथी' पोर्टल सुरू केलं. पिशवीवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करायचा, अन् बियाणं कुठून आलं याचा माग दुकानात उभ्या उभ्या लागावा, ही कल्पना चांगलीच आहे.

पण पेरणीच्या घाईत, दुकानातल्या गर्दीत स्कॅन करायला थांबतो कोण? त्यात माल उधारीवर असला की प्रश्न विचारायचीही चोरी. आणि कोड म्हणजे उगवणीची हमी नव्हे. प्रमाणित सोयाबीनची उगवणशक्ती किमान 70 टक्के लागते. ती बघायला 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजणं आजही भरवशाचं.

तेव्हा पैसे देण्याआधी स्कॅन करा. मोबाईलवर दिसणारी माहिती पिशवीवरच्या लेबलाशी जुळत नसेल तर पिशवी घेऊ नका. पक्क्या बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. पिशवी, टॅग अन् थोडं बियाणं जपून ठेवा. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी लागते. तिथं नुसतं तोंडी सांगणं चालत नाही, पुरावा लागतो.