रविवारची माती

रविवारी जोहरची नमाज आणि जेवणं आटोपली की आमच्या ओट्यावर जुनी पोती अंथरली जातात. शिलाईकाम करणाऱ्या दोघी बहिणी येतात, किराणा दुकानवाले चाचा येतात, शेजारच्या वहिनी, नववी-दहावीच्या मुली आणि माझी साठीची खाला येते. असरपर्यंत कोणी रंगवतं, कोणी माती मळतं. यातला एकही जण कलाकार नाही. मीही नाही, मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते.

हे सुरू कसं झालं ते सांगायचं तर माझी चूक आधी सांगावी लागेल. माझ्या वर्गातली एक मुलगी वहीच्या मागच्या पानांवर वेलबुट्टी काढायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "याने मार्क मिळणार आहेत का?" तिने ती पानं फाडून टाकली. त्यानंतर तिच्या वहीत वेल दिसली नाही, आणि मार्कही वाढले नाहीत. ते फाटलेल्या कागदाचे तुकडे बरीच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होते. शेवटी वाटलं, एक तरी जागा अशी असावी जिथे मार्कांचा प्रश्न कोणी विचारणार नाही.

पहिल्याच रविवारी खालाने विचारलं, "तसवीर काढणं चालेल का?" प्रश्न रास्त होता. जानदारांच्या चित्राबद्दल आपल्याकडे ज्या घरात जी धारणा आहे, ती ओट्यावर पाळली जाते. खाला पानं-फुलं काढते, चाचा खुशखत गिरवतात. मी त्यांना म्हटलं, आपल्या शेजारीच बघा ना. जळगावहून अजिंठ्याला जाणारा रस्ता आपल्या पहूरवरून, वाकोद-फर्दापूर करत जातो. लेण्यांतली माणसांची चित्रं सगळ्यांना ठाऊक असतात. पण तिथलं छत मान वर करून पाहिलं तर कमळं, वेली, फळं आणि भौमितिक नक्षीच नक्षी दिसते. एवढ्यावर जन्मभर सराव करता येईल.

त्या चित्रांखाली काय आहे, हेही मुलींना सांगितलं. खडकावर आधी माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. लाल-पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा, काळा काजळीचा. आपल्या आजीनं भिंत लिंपायला जे वापरलं, त्याच जातीचं हे सामान. ज्या वाघूर नदीच्या काठावर लेणी कोरली, तीच पुढे आपल्या पहूरच्या पेठ आणि कसबे या दोन भागांमधून वाहते. आम्ही मडक्यांना तिच्याच काठची माती वापरतो.

या लेण्यांशी आपल्या लोकांचंही नातं आहे. 1909 ते 1911 दरम्यानच्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम इंग्लंडहून चित्रांच्या नकला करायला अजिंठ्याला आल्या. त्यांना मदत करणाऱ्यांत बंगालचे नंदलाल बोस होते, तसे हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन काझीही होते. सय्यद अहमद पुढे निजाम सरकारच्या वतीने याच लेण्यांची देखरेख करू लागले. गुलाम यजदानी यांनी 1930 ते 1955 या काळात अजिंठ्यावर चार भागांचा मोठा ग्रंथ काढला. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 साली लंडनमध्येच जळाल्या. तरी हेरिंगहॅमबाई आल्याच.

हे मी खालाला मुद्दाम सांगितलं, कारण तिचं पहिलं मडकं भट्टीत फुटलं होतं. वीस दिवस तिने ते जपलं होतं. मातीच्या वळ्या करून एकावर एक रचल्या, पातळ चिखलाने सांधे जोडले, बाहेरून गेरूची वेल काढली. तुकडे हातात घेऊन ती म्हणाली, "या वयात कशाला हा नसता उद्योग!" आणि पुढचे दोन रविवार आलीच नाही.

आम्हाला शिकवणारे गावातले कुंभारदादा तिच्या घरी गेले. त्यांनी तिला तुकड्याची कड दाखवली. "खाला, बूड जाड राहिलं. वरून सुकलं, आत ओल राहिली. आगीत त्या ओलीची वाफ झाली आणि तिने मडकं फोडलं. तुमचा हात वाईट नाही, घाई झाली. बूड पातळ करा, सावलीत सुकवा." खालाने तो तुकडा ठेवून घेतला. दुसरं मडकं फुटलं नाही. थोडं वाकडं आहे, पण आमच्या दारात पाखरांसाठी पाणी भरून तेच ठेवलंय.

वाचक भगिनी-बंधूंनो, यासाठी मोठं कलाकेंद्र लागत नाही. सुटीच्या दिवशी रिकामी असलेली शाळेची खोली, वाचनालयाचा व्हरांडा किंवा घराचा ओटा पुरतो. रद्दी कागद, गेरू, चुना, काजळी आणि चाळलेली माती एवढं सामान पुरे. गावात कुंभार असेल तर त्यांना उस्ताद म्हणून बोलवा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. हुनर फुकट मागू नये. दोनच नियम ठेवा: कोणाच्या कामाला हसायचं नाही आणि कोणाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही.

त्या मुलीचं आता लग्न झालंय, सासर जवळच्याच गावात आहे. तिलाही निरोप धाडलाय. मला तिची माफी मागायची आहे, तीही सगळ्यांसमोर. ती अजून आलेली नाही. आली तर तिच्यासाठी वही आणून ठेवली आहे, पहिल्या पानापासून कोरी.