बक्षीस भाजीला, मग बियाण्याला का नाही?

जानेवारी-फेब्रुवारीत फुलाफळांच्या प्रदर्शनांना बहर येतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३०मध्ये स्थापन झालेली संस्था प्रदर्शन भरवते, मुंबईत राणीच्या बागेत महापालिका. दोन्हीकडे माणसं लोटतात, हे फार चांगलं आहे. पण टेबलावर मांडलेल्या भाजीला क्रमांक देताना परीक्षकाने एक प्रश्न विचारायलाच हवा : हिचं बी कुठलं?

या प्रश्नाचं महत्त्व इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कोळसा-खाण कामगारांनी ओळखलं होतं. नॉर्थम्बरलंड आणि डरहॅमच्या वस्त्यांत लीक या भाजीच्या स्पर्धा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. लीक कांद्याच्याच कुळातली. गड्डा न धरता जाड, पांढरा दांडा धरणारी. तिथल्या ‘पॉट लीक’ प्रकारात दांड्याचा पांढरा भाग सहा इंचांहून लांब चालत नाही, आणि लांबी व घेर मोजून आकारमान काढतात. जोडीने मांडलेली लीक एकसारखी दिसावी लागतात.

हा एकसारखेपणा बियातून सहज मिळत नाही, कारण बियाचं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. म्हणून जाणते लोक सर्वांत उत्तम लीक खात नाहीत, विकतही नाहीत. ते दुसऱ्या वर्षासाठी राखतात. त्याला फुलांचा गोंडा आला की कळ्या उमलण्याआधीच कात्रीने छाटून टाकतात. मग त्या गोंड्यावरच गवतासारखी हिरवी, इवली रोपं फुटतात. ती अलगद सुटी करून लावली की हुबेहूब मूळ झाडाच्याच गुणांची लीक तयार होतात. प्रदर्शनातलं बक्षीस खरं तर या राखणीला मिळतं.

आपल्या भागात, बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या चामटोलीतही लीक पिकवता येईल. ऑक्टोबरात रोप टाकावं, पेन्सिलीएवढं जाड झालं की खोल लावावं, मातीची भर देत दांडा पांढरा राखावा आणि उन्हाळा तापायच्या आत काढून घ्यावं. पण फुलोऱ्यासाठी लीकला दीर्घ थंडी लागते, ती आपल्या हिवाळ्यात नाही. म्हणजे दर वर्षी बी विकतच आणायचं. हौस म्हणून चार रोपं जरूर लावा. स्पर्धा मात्र आपल्या मातीत ज्याचा वंश चालतो त्याची हवी.

असं पीक शेजारच्या रायगडात आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची नोंद १८८३च्या गॅझेटियरमध्ये आहे आणि आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत भात निघाल्यावर तो लावतात. पातीसकट वेणीसारख्या गुंफलेल्या त्याच्या माळा मुंबईकरांच्या ओळखीच्या आहेत. माळेमागचं काम मात्र कमी जणांना ठाऊक असतं. एकसारखे, घट्ट, बारीक मानेचे कांदे निवडून बाजूला काढायचे, पुढच्या हंगामात ते गोट म्हणजे बियाण्याचे कांदे म्हणून लावायचे, डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे येऊ द्यायचे. मधमाश्या परागकण दूरवर नेतात, म्हणून जवळपास दुसऱ्या जातीचा कांदा फुलू द्यायचा नाही. काळं बी हाती आलं की कोरडं जपायचं, कारण कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरात झपाट्याने घटते; कोकणच्या दमट हवेत तर आणखीच. एक हंगाम चुकला की वाण हातचा जाण्याची भीती. हे बी कपाटात ठेवून टिकत नाही, ते दर वर्षी शेतात जगवावं लागतं.

बदलापूरच्या जांभळालाही मानांकन मिळालं आहे, तेव्हा वाण जपण्याचं मोल आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. म्हणून ग्रामपंचायती, शाळा आणि कृषी खात्याचे लोक यांच्याकडे माझी मागणी आहे : आपल्या अंबरनाथ तालुक्यात हिवाळी भाजी-प्रदर्शन भरवा आणि त्यात घरच्या बियाण्याचा वेगळा गट ठेवा. वाल, काकडी, मिरची, पांढरा कांदा, काहीही चालेल. स्पर्धकाने भाजीसोबत तिचं बी मांडावं, ते कोणाकडून आलं, किती वर्षं राखलं, निवड कशी केली हे चिठ्ठीवर लिहावं. निम्मे गुण भाजीला, निम्मे राखणीला. आणि विजेत्याने मूठभर बी पाच घरांत वाटावं, हीच बक्षिसाची अट असावी. भाजी दोन दिवसांत सुकते. पाच घरांत गेलेलं बी पुढच्या वर्षी पाच स्पर्धक उभे करतं.